कॉपीला लागलेलं शेपूट

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्यावर जास्त लिहिलं, कारण तसाच प्रश्न आणखी कितीतरी जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. उरलेल्यांनी राग मानू नये.

प्रश्न : नमस्कार ताई. मी चिपळूणला राहते. अकरा वर्षं झाली, वर्डप्रेसवर कोकणातल्या पदार्थांबद्दल लिहिते आहे. गेल्या गणपतीत आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझाच उकडीच्या मोदकांचा लेख येऊन पडला. शब्द न् शब्द माझा. सासूबाईंच्या अंगठ्याला पाऱ्या करून करून पडलेला घट्टासुद्धा त्यात होता. खाली लिहिलेलं, ‘लेखक अज्ञात, पण किती सुंदर!’ टाकणारी माझी सख्खी मावसबहीण. मी लिहिते हे तिला माहीतच नव्हतं. आता भाचा म्हणतो, एक प्लगइन मिळतं. ते बसवलं की कुणीही मजकूर कॉपी केला तर खाली आपोआप आपल्या लेखाची लिंक चिकटते. बसवू का? व्हॉट्सॲपमध्ये ते चालतं का? वाचक चिडणार तर नाहीत ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बसवा. पण चोर पकडायला बसवतोय अशी समजूत करून घेऊ नका. हे शेपूट विसरभोळ्यांसाठी असतं. ज्याला तुमचा लेख आवडला, चार बायकांना पाठवावासा वाटला आणि घाईत तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं, अशा माणसाच्या हातात ते तुमचं नाव ठेवतं. ज्याला नाव काढायचंच आहे तो ती ओळ बोटाच्या एका फटकाऱ्यात पुसतो. माझ्या अनुभवात मात्र पहिल्या जातीची माणसं पुष्कळ आणि दुसऱ्या जातीची मोजकी. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी २२ वर्षं डीटीपी केलं आणि त्यानंतर लोकांच्या वेबसाइटी सांभाळत बसले. दोन्हीकडे हेच पाहिलं. लग्नपत्रिकेतला मजकूर लोक दुसऱ्या पत्रिकेवरून सर्रास उचलत, पण ‘चोरतोय’ असं कुणाच्या मनातही नसे. तो त्यांना रस्त्यावरच्या नळाचं पाणी वाटायचा.

आता हे चालतं कसं ते सांगते, म्हणजे कुठे चालत नाही तेही आपोआप कळेल. तुम्ही मजकुरावर बोट दाबून धरता, निवडता, ‘कॉपी’वर टेकवता. त्या क्षणी ब्राउझर त्या पानाला कळवतो, की बाई, इथून काहीतरी उचललं जातंय. पानात बसवलेली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ही वर्दी ऐकत असते. ती निवडलेला मजकूर घेते, त्याला आपली ओळ जोडते आणि हा जोडमजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं तिथे, ठेवते. वाचकाला वाटतं, आपण निवडलं तेवढंच आलं. चिकटवल्यावर खाली शेपूट दिसतं.

क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची दोन रूपं राहू शकतात. एक नुसत्या अक्षरांचं, दुसरं ठळक-तिरपं-लिंकांसकट सजवलेलं. वर्ड किंवा ईमेल सजवलेलं रूप घेतात. व्हॉट्सॲप नुसती अक्षरं घेतं. म्हणून शेपटीत ‘इथे वाचा’ असा निळा शब्द ठेवलात तर व्हॉट्सॲपमध्ये ‘इथे वाचा’ एवढंच उरेल आणि ‘इथे’ म्हणजे कुठे हे कुणालाच कळणार नाही. पत्ता अख्खा, उघडा लिहिला पाहिजे.

आणि इथेच मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास गोची होते. वर्डप्रेस तुमच्या मराठी शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. पत्त्याच्या पट्टीत तो देवनागरीत छान दिसतो. कॉपी झाला की मात्र त्याचं एकेक चिन्ह ‘टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार’ अशा नऊ-नऊ खुणांत फुटतं. ‘उकडीचे-मोदक’ या पत्त्यात वेलांट्या-मात्रा धरून देवनागरीची दहा चिन्हं आहेत. त्यांच्या झाल्या ९० खुणा आणि मधली आडवी रेघ धरून ९१. मोदकांच्या खाली असं भेंडोळं आलं तर माणूस ते व्हायरस समजून आधी पुसतो, मग मोदकांकडे वळतो. शिवाय पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेस २०० खुणांचीच जागा देतं, म्हणजे लांब मराठी शीर्षक बावीस चिन्हांच्या आसपास तुटतं. ‘आजीच्या हातच्या’ एवढ्यातच चौदा चिन्हं संपतात.

उपाय सोपा आहे. नवे लेख लिहाल तेव्हा पत्ता हाताने रोमन अक्षरांत लिहा, दोन-तीन शब्दांत. जुन्यांना हात लावू नका. वर्डप्रेस प्रत्येक लेखाला एक आकडा देतं. संपादनाच्या पानावर गेलात की वरच्या पट्टीत तो दिसतो. साइटचं नाव, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, रोमन ‘पी’, बरोबरची खूण आणि तो आकडा, एवढं लिहिलं की लेख उघडतो. काही प्लगइनमध्ये शेपटीसाठी हाच छोटा पत्ता निवडता येतो. येत असेल तर तोच निवडा.

व्हॉट्सॲपचा दुसरा स्वभाव तुम्हाला माहीतच असेल. लांब मजकूर ते दुमडून ठेवतं आणि ‘आणखी वाचा’ म्हणतं. म्हणजे तुमचं शेपूट त्या घडीत जातं. बऱ्याच जणांची ‘आणखी’वर बोट टेकवायच्या आधीच ‘खूप छान’ लिहून फॉरवर्ड करण्याची सवय असते. म्हणून लांब लेखांना शेपटीऐवजी शिंग लावा. सोय असेल तर ओळ मजकुराच्या वर ठेवा. वर दिसतं आणि लिंक असल्यामुळे लेखाच्या चित्राचा छोटा चौकोनही उमटतो. त्या चौकोनात तुमच्या साइटचं नाव असतं, आणि तो चौकोन माणसं सहसा पुसत नाहीत, कारण सुंदर दिसतो.

वाचक चिडतील का? हो, चिडू शकतात, आणि त्यांचं चुकत नाही. या शेपटीला जगभर नाव मिळवून देणारी कंपनी टिंट. ती कॅनडात, कॅलगरीला सुरू झाली. मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या साइटींवर तिची स्क्रिप्ट होती. एक वाक्य उचललं की खाली ‘अधिक वाचा’ आणि लांबलचक पत्ता. मे २०१० मध्ये जॉन ग्रुबर या अमेरिकन ब्लॉग-लेखकाने तिच्यावर सडकून लिहिलं. मी जे निवडलं तेच माझ्या क्लिपबोर्डवर यावं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला आणखी एक गोष्ट खटकली होती. कोण काय कॉपी करतंय याची नोंद टिंटच्या सर्व्हरकडे जात होती. फुकट मिळणाऱ्या शेपटीची किंमत तिथे वसूल होत होती. पुढे जानेवारी २०१२ मध्ये ‘३३अक्रॉस’ या जाहिरात-तंत्राच्या कंपनीने टिंट विकत घेतली. ती नोंद कुणाच्या कामाची होती हे त्यावरून कळलं. म्हणून प्लगइन निवडताना एवढंच बघा : सगळं काम तुमच्याच पानात होतं, की ते बाहेरच्या कुठल्या कंपनीची स्क्रिप्ट ओढून आणतं आणि तिथे खातं उघडायला सांगतं? दुसऱ्या प्रकारचं असेल तर नको.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी एका महिला बचत गटाची साइट केली होती. चकली, अनारसे, भाजणी. त्यांच्या पाककृतीही त्यावर होत्या आणि त्या उचलल्या जात होत्या, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात शेपूट बसवलं. सगळ्या साइटभर. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गटातल्या एका मावशींचा फोन आला : “ऑर्डरी येतात गं, पैसेच येत नाहीत.” ऑर्डरच्या पानावर यूपीआय आयडी होता. गिऱ्हाइकं तो कॉपी करून पैसे पाठवायच्या ॲपमध्ये चिकटवत होती आणि आयडीला माझं शेपूट लागत होतं : ‘हा मजकूर अमुक साइटवरून घेतला आहे.’ ॲप म्हणत होतं, आयडी चुकीचा. दोन दिवस तो प्रकार चालू होता. मावशी रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्यांनी पुढच्या वर्षी डबा पाठवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘हा मजकूर आमच्या साइटवरून घेतला आहे.’

तेव्हापासून माझे नियम ठरले. शेपूट फक्त लेखांच्या पानांवर. संपर्क, पत्ता, ऑर्डर, फोन नंबर यांच्या जवळपासही नाही. आणि चाळीसेक शब्दांपेक्षा कमी उचललं तर काहीही जोडायचं नाही. कुणाला ‘पातोळ्या’ हा एक शब्द शब्दकोशात बघायचा असतो, कुणाला फक्त साहित्याची यादी वाण्याला पाठवायची असते. त्या यादीखाली तुमची जाहिरात नको. ‘अर्धा किलो तांदूळपिठी’ला स्वामित्वहक्क नसतोच. बहुतेक प्लगइनमध्ये शब्दांची किंवा अक्षरांची ही मर्यादा घालता येते. ज्यात घालता येत नाही ते घेऊ नका.

शेपटीतली भाषा कशी ठेवायची? धमकीची नको. ‘विनापरवानगी वापर केल्यास कायदेशीर कारवाई’ असं मोदकाखाली वाचलं की हात आपोआप पुसायला जातो. माझ्या एका गिऱ्हाईक-लेखिकेच्या साइटवर मी नुसतं लिहिलं होतं : ‘पूर्ण लेख, फोटो आणि माझ्या चुका इथे :’ आणि पुढे पत्ता. ती ओळ कितीतरी ग्रुपांवर जशीच्या तशी फिरताना मी पाहिली आहे. चुका वाचायला लोक येतात.

बसवून झालं की स्वतःच्याच साइटवरून, स्वतःच्याच फोनवर चार परिच्छेद उचला आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा. कॉम्प्युटरवर बघून समाधान मानू नका. तुमचे वाचक फोनवर आहेत.

आता शेपूट कुठे लागत नाही ते. मजकूर निवडल्यावर ‘कॉपी’ऐवजी ‘शेअर’ दाबलं तर ती वर्दी वाजतच नाही, मजकूर थेट निघून जातो. ब्राउझरच्या वाचन-मोडमध्ये पान उघडलं तर तुमची स्क्रिप्ट तिथे नसते. स्क्रीनशॉटला तर काय, शेपूटही नाही आणि डोकंही नाही. आणि रात्रंदिवस दुसऱ्यांचे लेख ओढून स्वतःच्या साइटी भरणारे यांत्रिक उंदीर असतात. ते कॉपी दाबतच नाहीत. ते तुमची फीड वाचतात, म्हणजे नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी, जी वर्डप्रेस आपोआप तयार करून ठेवतं.

उंदरांसाठी वेगळी गोळी आहे. गूगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून बसवतात ते योस्टचं एसईओ प्लगइन तुमच्याकडे असेल (पुष्कळ जणांकडे असतं, कुणीतरी भाच्यानेच बसवलेलं), तर त्यात फीडच्या प्रत्येक लेखाखाली एक ओळ जोडायची सोय आहे : हा लेख आधी अमुक साइटवर आला, आणि लेखाची लिंक. ती इंग्रजीत तयार असते, मराठी करून घ्या. उंदीर वाचत नाही, गिळतो. म्हणून ती ओळ त्याच्या साइटवर जशीच्या तशी छापली जाते. एका साइटवर मी माझ्याच एका गिऱ्हाइकाचे अनेक लेख पाहिले आणि प्रत्येकाखाली मूळ पत्ता होता. चोराच्या घरात आपलीच पाटी. शिवाय वर्डप्रेसच्या ‘वाचन’ सेटिंगमध्ये फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी सारांश देण्याचा पर्यायही आहे. मला तो आवडत नाही. फीडमधून मनापासून वाचणारे थोडेच उरलेत, त्यांना उपाशी का ठेवायचं?

पण ताई, या सगळ्यापेक्षा जास्त टिकणारी गोष्ट तुम्ही नकळत केलेली आहे आणि थोडक्यात हुकलेली आहे. सासूबाईंचा अंगठा. तो कुणी काढला नाही, कारण तो काढला तर लेखच राहत नाही. तुमचं नाव मात्र लेखाच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात होतं, ते सहज गळलं. ‘तुका म्हणे’ अभंगाच्या खाली सही करून लिहिलेलं नसतं, शेवटच्या चरणात ओवलेलं असतं. कापलं तर चरण लंगडा होतो. (त्याचा उलटा धंदाही झालाच. आपले चरण लिहून त्यात ‘तुका म्हणे’ घालणारेही झाले. आजही कुणाचीही कविता मोठ्या कवीच्या नावावर फिरते ती त्याच घराण्यातली.) तेव्हा नाव वाक्यात घ्या. ‘सासूबाई म्हणायच्या’ ऐवजी सासूबाई तुम्हाला काय हाक मारायच्या त्यासकट लिहा. चिपळूण लिहा, वाशिष्ठीचा पूर लिहा, ‘गेल्या वर्षी मी पातोळ्यांवर लिहिलं तेव्हा’ असं म्हणून त्या लेखाची लिंक मधेच द्या. फोटोवर नाव कोपऱ्यात टाकू नका. कोपरा कापायला एक सेकंद लागतो. मोदकाच्या सावलीवर टाका.

फिरून गेलेल्या लेखाचं काय? ग्रुपवर भांडू नका. मावसबहिणीच्या मेसेजला उत्तर म्हणून तुमच्या लेखाची लिंक टाका आणि लिहा, ‘अगं, ही अज्ञात मीच.’ बास. ग्रुपांच्या गंगेत मागे जाऊन मूळ शोधता येत नाही, तो उद्योग मी एकदा केला आणि नवव्या काकांपाशी थांबले. मात्र कुणी वेबसाइटवर अख्खा लेख स्वतःच्या नावाने लावला असेल तर सोडू नका. आधी तुमचा लेख आणि त्यांचं पान, दोन्ही वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) साठवून ठेवा, म्हणजे त्यांनी पान बदललं तरी पुरावा राहतो. मग त्यांना लिहा. नाही ऐकलं तर गूगलच्या शोधातून ते पान काढण्यासाठी गूगलचाच एक अर्ज आहे, अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या स्वामित्वहक्काच्या कायद्याखालचा. तो भारतातूनही भरता येतो. आपल्याकडच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातही कलम ५७ लेखकाला आपलं नाव मागायचा हक्क देतं, हक्क विकला तरी तो उरतो. पण लक्षात ठेवा, मोदक तुमचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केलंय, कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे. उकड कशी काढायची हे सगळ्यांचं. अंगठा तुमचा.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षक होतो, निवृत्तीनंतर व्याकरणावर लिहितो. लिंक वगैरे नको, मला कॉपीच बंद करायची आहे. राइट-क्लिक बंद करणारं काही सांगा.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सर, सांगत नाही. राइट-क्लिक बंद केलं तर कीबोर्डवरून कॉपी होते. तेही बंद केलं तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून होते. तुमचा विद्यार्थी हे तुमच्याआधी शिकलेला आहे. आणि चोर सोडून बाकी सगळ्यांना त्रास होतो. डोळे कमी झालेले वाचक मजकूर निवडून फोनकडून वाचून घेतात. परदेशात वाढलेली नातवंडं एक शब्द निवडून अर्थ बघतात. व्याकरणाच्या पानावर तरी शब्द उचलता यायला हवा ना?

कॉपी खरोखर बंद करणारी एकच गोष्ट मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे आमचे जुने डीटीपीचे फॉन्ट. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचं एकच सामाईक कोष्टक, यायच्या आधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं कोष्टक वेगळं असायचं. त्या फॉन्टमध्ये लावलेलं पान कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा भुगा पडायचा. चोरी शून्य. मात्र गूगललाही तो भुगाच दिसायचा, त्यामुळे अशा साइटींवर वाचकही त्याच मापात यायचे. त्या काळातली कितीतरी चांगली पानं आज कुणालाच सापडत नाहीत. सर, तुमची पानं सापडू देत.

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतोय. मजकुरात न दिसणारी शून्य रुंदीची अक्षरं पेरली तर कुणी कॉपी केल्यावर आपल्याला ओळखता येतं, असं वाचलं. लिंक दिसत नाही, वाचकाला त्रास नाही. आईच्या मराठी कथांच्या साइटवर करू का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : इंग्रजीत ही युक्ती चालते, कारण तिथे ती अक्षरं रिकामी बसलेली असतात. मराठीत ती कामावर आहेत. जोडाक्षरं जोडायची की तोडायची हे त्यांच्यावर ठरतं. ‘वाङ्‌मय’मधला ङ पाय मोडलेला सुटा दिसावा म्हणून लोक हलन्तानंतर (पाय मोडायच्या खुणेनंतर) यातलंच एक टाकतात. ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला तो पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटलेला अर्धा र काही जुन्या पद्धतींत यातल्याच दुसऱ्याने टाइप केलेला असतो. तू पेरणी करायला गेलास आणि एखादं अक्षर हलन्तानंतर लगेच पडलं, की आईच्या कथेतलं ‘सत्य’ ‘सत्‌य’ होईल. समजा, हलन्त चुकवून पेरलंस. तरी शब्दाच्या पोटात काहीतरी बसलंय. पानावर ‘पाऊस’ शोधला तर सापडेलच असं नाही आणि मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन-रीडर अडखळू शकतो. व्हॉट्सॲपमधून, ईमेलमधून जाताना कुणी ती अक्षरं गाळून टाकली तर सगळी मेहनत वाया.

ओळखच पटवायची असेल तर तुझ्या आईने कथेत वापरलेला असा एखादा शब्द घे जो दुसऱ्या कुणी वापरणार नाही, आणि तो शब्द असलेलं अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून महिन्यातून एकदा गूगलवर शोध. कुणी उचललं असेल तर बाहेर येतं. आमच्या घरी त्या शब्दाला आम्ही ‘खूणगाठ’ म्हणतो. आणि ॲटॅचमेंटमध्ये तुझ्या स्क्रिप्टचा कोड पाठवलास तो नीट आहे, फक्त मराठीवर आधी चालवून बघायला हवा होतास.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आहे. एका ब्लॉगवरचा लेख फार आवडला. कॉपी केला तर खाली ‘मूळ लेख इथे’ आणि लिंक आली. ती लिंक लेखाखाली तशीच छापली तर परवानगीचं काम झालं ना? लिंक त्यांनीच दिली आहे म्हणून विचारते.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : नाही झालं. शेपटीने तुम्हाला लेखिकेचा पत्ता दिला, लेख दिला नाही. श्रेय देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केल्यावर दुसरं आपोआप होत नाही. परीक्षणात दोन-चार ओळी उद्धृत करायच्या असत्या तर नाव दिल्यावर भागलं असतं. तुम्ही अख्खा लेख छापताय. स्मरणिका मेलबर्नला छापणार म्हणजे तुम्हाला तिथला १९६८ चा स्वामित्वहक्क कायदा लागू. भारतातल्या लेखिकेलाही तिथे हक्क आहे, कारण दोन्ही देश बर्न करारात आहेत, ज्यात देश एकमेकांच्या लेखकांचे हक्क मानतात. लेखकाचं नाव देण्याचं बंधनही तुमच्याकडे २००० च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे.

अपवाद एकच. लेखाखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा (लेखकाने आधीच देऊन ठेवलेला, ठरावीक अटींचा) परवाना असेल तर परवानगी आधीच दिलेली असते, अटी तेवढ्या पाळायच्या. मराठी विकिपीडियावरून काही घेतलंत तर तिथे श्रेय द्यायचंच, शिवाय तुम्ही त्यात भर घालून जे कराल तेही त्याच अटींवर मोकळं ठेवायचं. काही परवान्यांत ‘फक्त अव्यापारी वापर’ अशी अट असते. तुमच्या मंडळाला नफा नाही, एवढ्याने तो प्रश्न सुटला असं समजू नका. स्मरणिकेत दागिन्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात असते, मी अशा स्मरणिका लावलेल्या आहेत.

तेव्हा एक ईमेल लिहा. कुठला लेख, किती प्रती, किती पानं, पीडीएफ नंतर साइटवर ठेवणार का, मानधन देऊ शकता की नाही, हे सगळं पहिल्याच पत्रात. ‘आपला लेख आमच्या अंकासाठी निवडण्यात आला आहे’ अशी सुरुवात नको, लेखिकेने स्पर्धेत भाग घेतलेला नाही. उत्तर आलं नाही तर होकार समजू नका, दुसरा लेख शोधा.

होकार आला तर छापताना ते शेपूट मात्र काढा. कागदावर लिंक दाबता येत नाही आणि देवनागरी पत्ता असेल तर टक्क्यांच्या खुणांनी अर्धं पान जाईल. लेखिकेचं नाव शीर्षकाखाली, लेखाइतक्याच ठसठशीत अक्षरांत, आणि तळाला एक ओळ : पूर्वप्रसिद्धी अमुक साइटवर, लेखिकेच्या परवानगीने. कॉपी करताना लेखिकेचे ठळक-तिरपे शब्द गळतात, ते मूळ पान शेजारी उघडं ठेवून परत लावा. प्रूफ तिच्याकडे एकदा पाठवा. आणि अंक निघाला की एक प्रत पोस्टाने. पोस्टेज झेपत नसेल तर पीडीएफ, पण पान क्रमांकासकट. दीडशे पानांत स्वतःला शोधत बसायला लावू नका.